वरीलप्रमाणे

व्याज काढायचा माझा प्रोग्राम
सहाशे चाळीस के.बी.चा झाला होता,
फ्लॉपी तीनशे साठची.
सियागंजच्या मुख्य कचेरीत, एक्क्याण्णवच्या मेमध्ये,
कूलरच्या ओल्या वाळ्यापाशी खुर्ची ओढून
मी त्याची घडी घालत बसले होते.

घडी घालणं सोपं होतं.
पण मल्हारगंज शाखेच्या मशीनवर
ती उलगडणारं काहीच नव्हतं.
वीस एम.बी.ची डिस्क, हिरवा पडदा,
आणि त्यावर टॉवेल पांघरणारा भेरूलाल.

म्हणून मग दुसरी युक्ती:
गाठोड्यातच बांधून द्यायचे
गाठ सोडणारे हात.
त्या हातांचं वजन पंधरा के.बी.,
तेवढी हमाली परवडत होती.
नाव टाइप करा, एंटर दाबा,
गाठोडं आपलं आपण सुटतं,
कुणाला काही यावं लागत नाही.

भटसूअर टेम्पोत गुडघ्याला गुडघे लावून
मल्हारगंजला पोचले.
भेरूलालनं सगळं ऐकून घेतलं.
"चाबी पेटी में ही रख दी, ताई?
फिर बाहर से खोलेगा कौन?"
"पेटीच."
तो पाणी आणायला गेला. पटलं नव्हतं.

लेजरवर विश्वासराव निरखीवाले.
निवृत्तीला दोन वर्षं, बाहीला रबर,
टाक गेला तरी अक्षर टाकाचंच.
"दाबता म्हणजे नेमकं काय करता?"
सांगितलं: जे पुन्हा येतं ते पुन्हा लिहीत नाही,
किती मागे जायचं
आणि किती अक्षरं उचलायची, एवढंच लिहिते.
त्यांनी वही माझ्याकडे फिरवली.
शकुंतला दत्तात्रय बुळे, बक्षी गल्ली.
खाली दोन तिरप्या रेघा.
खाली दोन तिरप्या रेघा.
अशा एकवीस ओळी.
"हे आम्ही रोज करतो, बाई.
आम्हाला त्याचा पगार वेगळा मिळत नाही."

मी हसले. ते हसले नाहीत.
"पण पहिली ओळ वाळवीनं खाल्ली
तर खालच्या एकवीस रेघा
कुणाच्या?"

एवढ्यात फोन वाजला.
काळा, जड, पोटात लोखंडी घंटा असलेला.
गर्गेसाहेबांनी उचलला
तेव्हा त्याच्याखाली माझी फ्लॉपी दिसली.
पंख्यानं उडू नये म्हणून
त्यांनीच ठेवली होती, काळजीनं.

एंटर.
पहिल्या फाइलचं नाव आलं. दुसरीचं आलं.
तिसरीपाशी दिवा जळत राहिला,
आत काहीतरी खरवडलं,
आणि पडद्यावर एक ओळ: बेरीज जुळत नाही.
निरखीवाले काही बोलले नाहीत.
पेनाला टोपण लावलं फक्त.

दुसऱ्या दिवशी नवी प्रत नेली,
स्टीलच्या डब्यात, रुमालात गुंडाळून.
लोणच्याचा वास लागला तिला, पण उघडली.
चौतीस फाइली, एकापाठोपाठ एक,
आणि भेरूलाल मागे उभा राहून मोजत होता.
"अपने आप," तो म्हणाला. मला नाही, पडद्याला.

पुढे बँक दुसऱ्या बँकेत गेली,
निरखीवाले गेले.
ती फ्लॉपी माझ्या खणात आहे.
भाच्यानं कुठूनसा जुना ड्राइव्ह जोडून दिला,
दिवा लागला, नाव दिसलं,
आणि नवं मशीन म्हणालं
हा प्रोग्राम इथे चालणार नाही.
हात आतच आहेत, बांधलेले,
ज्या गाठी सोडायला शिकले
त्या गाठी अजून येतात त्यांना.

मला त्याचं फार वाईट वाटलं असं नाही.
फक्त दर नोव्हेंबरात
पेन्शनचा फॉर्म भरताना
'कायमचा पत्ता' येतो,
वर नुकताच लिहिलेला असतो,
सगळे तिथे 'वरीलप्रमाणे' लिहून सही करतात.
मी परत लिहिते. घर नंबरापासून,
गल्ली, नाका, पिनकोड.
मागे रांग खोळंबते.