सोपो

कुडचड्याच्या बाजारात मी सोपो फाडतो.
म्हणजे पावती. पाटीमागे वीस रुपये,
गुलाबी कागद, पालिकेचा शिक्का,
आणि माझ्या अंगठ्याला बारमाही बांगड्याचा वास.

पिएदाद रोज कुरकुरते:
छपराला भोक, नळाला वारा,
मुतायला जायचं तर रुळांपलीकडे.
कसला रे तुझा सोपो?
मी म्हणतो, वर कळवतो.
वर म्हणजे जिना चढून दुसरी खोली.
तिथे पंखा आहे.

त्या वर्षी वरूनच खाली कळवण्यात आलं
की स्टेडियम होणार.
बारा हजार खुर्च्या, दिव्यांचे चार मनोरे,
कर्ज पालिकेचं, वीस वर्षांचं,
संघ कुठल्याशा कंपनीचा,
तिकिटाचे पैसे कंपनीचे,
आणि जागेचं भाडं वर्षाला एक रुपया.
मी हिशेब केला, सवयच ती.
पिएदादची एक पाटी
म्हणजे त्यांची वीस वर्षं.

सुनावणीला शाळेचा हॉल भरला.
कामिल मास्तर म्हणाले,
खेळाला ना नाही,
पण ज्याचा नफा त्याची वीट.
टाळ्या पडल्या.
मग शाबा उठला, आमचा जुना लेफ्ट विंगर.
खाणी बंद पडल्यापासून त्याचा ट्रक
फणसाखाली गंजतोय.
बोलला काहीच नाही. पँट वर ओढली,
गुडघा दाखवला.
भात कापल्यावर उरलेल्या खुंटांवर
उघड्या पायांनी खेळलेली पंधरा वर्षं
त्या गुडघ्यावर कोरलेली होती.
हे माझं अंदाजपत्रक, म्हणाला, आणि खाली बसला.
त्यालाही टाळ्या पडल्या. जास्त पडल्या.

हात वर करा म्हणाले.
माझे दोन्ही हात इतिवृत्तात होते.
पिएदादने केला.
मी जिन्यात गाठलं तिला, का गं बाये?
तर म्हणे, फुटबॉलाला ना म्हटलं
तर देवाक राग येता.

पहिल्या सामन्याचं तिकीट तीनशे.
ती गेली नाही.
पण तिचं घर भिंतीला लागून,
मनोऱ्याचा उजेड सांडायचा थेट अंगणात.
त्या उजेडात ती बांगडे चिरायची,
मीठ भरायची, रात्री अकरापर्यंत,
घरातला बल्ब न लावता.
आरोळी आधी यायची भिंतीवरून,
गोल मागून, शेजारच्या टीव्हीवर.
सोपो परत येतोय बघ माझा,
म्हणायची. हसायची.
मीही हसायचो. खोटं कशाला सांगू,
बरं वाटायचं.

तीन मोसम.
मग संघाने नाव बदललं, रंग बदलला,
गाव बदललं.
निरोप द्यायला कुणी आलं नाही,
एक रुपया मात्र वेळेवर भरलेला होता,
पावती मीच फाडली.

आता तिथे लग्नं होतात, मतमोजणी होते.
शाबा वॉचमन आहे.
संध्याकाळी मागचं दार विसरतो लावायचं,
मुलं शिरतात,
गवत त्यांच्या घोट्यांच्या वर आलंय,
चेंडू हरवतो, सापडतो.
हप्ता चालू आहे. अजून सतरा वर्षं.

आज सकाळी पिएदाद म्हणाली,
एक रात्र दिवे लावा म्हणावं.
खारवायचे बांगडे साठलेत.
बिल किती येतं रे एका रात्रीचं?
मी आकडा सांगितला.
तिने तो बोटांवर घेतला,
पाट्यांत मोडला, ओठ हलवत.
चारशे पाट्या?
मग बराच वेळ सुरमईवर पाणी मारत राहिली.
आणि हे छप्पर, तिने वर न बघता विचारलं,
हे छप्पर किती पाट्यांचं?

हे वर कुणी विचारलं नव्हतं.
हॉलमध्येही नाही. मीही नाही.
मी तिचीच पावती उलटी केली,
मागे गुणाकार मांडला.
वरून थेंब पडला.
हातचा धरेपर्यंत
आकडा फुटला.