आधी तू चढ

तिसऱ्या खेपेला शमशादबी दार उघडते.
मांडीवर सूप, सुपात तंबाखू,
बोटं थांबत नाहीत.

कागद कानडीत, मी मराठीत सांगते,
ती पोराला उर्दूत काहीतरी म्हणते.
"निपाणीत सगळेच मोजायला येतात, बाई.
भाषा मोजली, मतं मोजली,
आता अल्ताफचं पोट?
मोजून झालं की तोंड दाखवत नाही कुणी."

सही मागायचं मी टाळते.
ती काट्याकडं बघते.
"आधी तू चढ."

चप्पल काढून चढते.
अल्ताफ आकडा मोठ्यानं वाचतो,
अख्खी गल्ली हसते.

मग तोच, खाली बघत,
"शाळेत नाही ना सांगणार?"

पुढच्या महिन्यात ये,
विड्या देऊन आले की, म्हणते शमशादबी.
नाही आलीस तर कागद चुलीत.