राज्य कुणावर

फॉर्मवर एक चौकोन आहे:
‘समवयस्कांशी मिसळते का?’
मागच्या वर्षी मी लिहिलं, ‘हो.’
एका अक्षराचा शब्द,
खोटं त्यात नीट मावलं.

बेटावर आम्ही एकोणीस जण.
शाळा मिटली तेव्हा थोरा चार वर्षांची.
आता तिथे म्हातारे ड्रेव्हर गवत साठवतात.
कोट टांगायच्या खुंट्या तशाच आहेत,
प्रत्येकीवर एक चित्र: छत्री, खेकडा, किटली.
थोरा म्हणते, माझी किटली असती.

अपूर्णांक ती केक कापताना शिकली,
भूगोल बोटीच्या वेळापत्रकावर,
आणि गप्पा मारणं ड्रेव्हरकडून.
ते एक्याऐंशीचे, तिचे सगळ्यात जवळचे मित्र.
दोघं सोंगट्या खेळतात, हवेला नावं ठेवतात.
गुडघेदुखीवर ती अशी बोलते
जणू तिचेही गुडघे गेलेत.

लपंडावाला मात्र ती आणि स्वेन, दोघंच.
एक दिवस राज्य तिच्यावर, एक दिवस त्याच्यावर.
झाड एकही नाही इथे.
मेंढ्यांची भिंत, उलटी होडी, शाळेतलं गवत:
जागा तीन. तरी शंभरपर्यंत मोजायचं,
आणि लपलेला सापडतोच,
कारण शोधायला दुसरं कुणी नसतं.

मे महिन्यात कर्कवॉलला गेलो, स्वेनच्या दाढेसाठी.
तो बापाबरोबर आत.
मागच्या मैदानावर अकरा मुलं.
‘कितवीत तू?’ एकीनं विचारलं.
थोरानं मनापासून विचार केला.
‘गणितात सहावीत. मेंढ्यांमध्ये बरीच पुढे.’
मुलं हसली. वाईट नव्हतं हसणं.
घेतलं तिला, लिंबूटिंबू म्हणून.

ती लपली. आणि काय लपली!
कचऱ्याच्या डब्यांमागे, श्वास धरून,
बेटावरची सगळी विद्या पणाला लावून.
सात सापडले, आठ सापडले,
मग कुणाची तरी आई आली, मग चेंडू आला,
खेळाचा दुसराच खेळ झाला.
डब्यांमागे निळ्या टोपीचं टोक
तसूभरही हललं नाही.

उठावंसं वाटलं मला. उठले नाही.
का, ते कुठल्या चौकोनात लिहू?

वीस मिनिटांनी ती आपणहून निघाली,
चेंडूमागे धावणाऱ्या त्या पोराला गाठून
पाठीत थाप घातली: ‘धप्पा!’
आपल्यावर राज्य होतं हेच तो विसरलेला.
गोंधळला, लाजला,
मग भिंतीकडे तोंड करून
एकटाच पुन्हा मोजायला लागला.

परतीच्या बोटीत स्वेन झोपला, गाल सुजवून.
‘आई, ते मला विसरले होते?’
‘हो.’ हेही एका अक्षरात.
‘इतकी माणसं असली की विसरता येतं?’
‘येतं.’
बराच वेळ ती पाण्यावरच्या
सीलच्या डोक्यांकडे बघत राहिली, वर आलेल्या, बुडालेल्या.
‘पुढच्या वेळी,’ ती म्हणाली,
‘मी जरा वाईट लपेन.’