सामान हरवलं का?

बर्मिंगहॅमलाच बस चाळीस मिनिटं उशिरा लागली,
तेव्हाच ओळखायला हवं होतं.
पण तिकीट एकतीस पौंडांचं, परत न होणारं,
आणि मनात ओळीने उभी केलेली वाक्यं.
ती सांभाळत मी चौदा नंबरवर बसले.

लेस्टरपासून घोकत आले होते.
शिक्षण सोडलंस ते सोडलंस, निदान फोन तरी.
तुझे बाबा अजून रात्रपाळीला जातात
वेफर्सच्या कारखान्यात, कुणासाठी?
सगळ्यात धारदार ते
सगळ्यात शेवटी ठेवलं होतं.

हीटर बंद होत नव्हता. जून महिना.
संडासाच्या दाराला पिवळी पट्टी.
श्रूजबरीला ड्रायव्हर खाली उतरला,
बाजारात बैल बघावा तशी गाडी बघितली
मागून, पुढून,
आणि काही न बोलता वर चढला.
क्लिफ्टन. छातीवर लिहिलेलं.

लॅनगिरिगच्या पुढे, चढावर,
बस एकदा खोकली आणि
मग जे काय शांत झालं!
बाहेर मेंढ्या. मेंढ्यांच्या मागे मेंढ्या.
फोनला रेंज नाही.

क्लिफ्टन म्हणाला, दुसरी गाडी निघालीय. वीस मिनिटं.
पाऊण तासाने म्हणाला, वीस मिनिटं.
मग आकडा सांगायचं सोडून
तो टेकाड चढून गेला, फोन आभाळाकडे धरून,
नवस फेडायला निघाल्यासारखा.
परत येऊन म्हणाला, तुमचा कॉल आम्हाला महत्त्वाचा आहे
असं त्या बाईने अकरा वेळा सांगितलं.

शेजारच्या आयरलिसबाई विणत होत्या.
येईल हो, म्हणाल्या, आत्ता, मिनिटभरात.
आमच्या वेल्समध्ये याचा अर्थ, कधीतरी.
आमच्याकडेही, मी म्हटलं,
माणूस अंघोळीच्या आधी फोनवर सांगतो: निघालोच.

जूनचा उजेड संपता संपत नव्हता.
आठाच्या सुमाराला मी चिडले.
उशिरा चिडले, पण मनापासून.
खाली उतरून क्लिफ्टनपुढे उभी राहिले
आणि तोंडातून निघालं ते घोकलेल्यातलंच:
निदान खरं तरी सांगायचंस!
माणसं वाट बघत बसतात, त्यांचं काय?
एकामागून एक. थांबवता येईनात.
ते धारदारसुद्धा वापरून टाकलं.

तो पायरीवर बसून ऐकत राहिला.
मग म्हणाला, मॅडम,
मलाही दुपारपासून कुणी काही सांगितलेलं नाही.

पिशवीतल्या धपाट्यांचे सोळा तुकडे केले.
त्याने दोन खाल्ले, तिसरा मागितला.

दुसरी गाडी आली साडेदहाला.
आबेरिस्टविथला समुद्र काळा, दुकानं बंद,
स्टॉपवर एकटा ओजस.
दाढी वाढलेली, अंगात जाकीट कुणाचं तरी.
सहापासून उभा.
डोक्यावरच्या फलकात बस अजून ‘वेळेवर’.

मी तोंड उघडलं.
तोंडात नुसती बस होती.
हीटर, पिवळी पट्टी, अकरा वेळा महत्त्वाचा कॉल,
मेंढ्या, तो बिचारा टेकाडावर.
समुद्राकाठच्या बाकावर बसून
अर्धा तास मी बसबद्दलच बोलले.
मध्येच तो म्हणाला, भिकार कंपनी आहे, आई.
म्हटलं, भिकार.
कित्येक महिन्यांत आमचं एकमत झालं
ते या एका शब्दावर.

बाकीचं दुसऱ्या दिवशी निघालंच,
आणि ते काही सोपं नव्हतं.

आज कंपनीचा फॉर्म आलाय. सात पौंड परत देतील म्हणे.
विलंब किती: चार तास पन्नास मिनिटं.
कारण: तुम्हीच सांगा.
सामान हरवलं का?
या रकान्यापाशी थांबलेय. चहा निवतोय.
हो लिहिलं
तर काय हरवलं तेही लिहावं लागतं,
किमतीसकट.