हद्दीची रेघ

आल्डर क्रॉसिंगच्या पालिकेत, नकाशाखात्यात, मी अकरा वर्षं.
पोर्टलंडहून निघालेली ट्राम आमच्यापाशी येऊन संपते,
गाव मात्र तिथून पुढेच वाढत सुटलंय :
माणसं, गाड्या, घरभाडी,
आणि आमच्या कपाटातल्या फायली.

कायद्याचं म्हणणं असं की नूतनीकरण हवं
तर आधी भाग जीर्ण असल्याचं सिद्ध करा.
म्हणून मला कॅमेरा दिला.
मी गळक्या पन्हळी टिपल्या,
बोलिंगच्या बंद सभागृहाची उडालेली अक्षरं,
पार्किंगचं डांबर फोडून वर आलेली काटेरी जाळी.
जीर्णपण शोधायला निघालं
की काय हवं ते सापडतं.

चपला-बूट दुरुस्त करणाऱ्या ओक्साना ह्रित्सेन्कोच्या
दुकानापुढच्या फरशीला लांब तडा.
"थांब," ती म्हणाली,
आत जाऊन झाडू आणला, पायरी झाडली,
आणि पुदिन्याची कुंडी आणून
नेमकी तड्यावर ठेवली.
"आता काढ."
मी काढला.
मग तिचा फोन वाजला, ती आत वळली,
आणि मी बुटाच्या टोकानं कुंडी सरकवून
दुसरा काढला.
अहवालात, परिशिष्ट तीन, पान एक्केचाळीस,
तो दुसरा आहे.

पैशाचं गणित सल्लागारानं समजावलं, फळ्यावर :
आजच्या किमतीवर एक रेघ मारायची.
रेघेखालचा कर नेहमीसारखा
शाळेला, ग्रंथालयाला, अग्निशमनाला.
रेघेवर पुढं जे उगवेल ते प्रकल्पाचं.
आणि न उगवलेल्यावर
आजच कर्जरोखे काढायचे.
तुरी बाजारात,
आणि आम्ही फोडणीचा खर्च धरून बसलो.

दलाची प्रमुख डार्ला विक्स्ट्रम शेवटून उठली :
"वीस वर्षं आमचा आकडा गोठवणार.
ठीक.
आगीला कळवलंय का?"

सुनावणी सात वाजता. कॉफी पातळ.
सामोआच्या चर्चमधली माणसं भिंतीला टेकून उभी,
टायरवाला एउसेबियो टोपी मांडीवर घेऊन,
आणि दर बोलणाऱ्याला तीन मिनिटं, मग घंटा.
ओक्साना कागद न घेता आली.
"एकोणीस वर्षं मी भाडं देते," ती म्हणाली.
"जागेची किंमत चढणार, म्हणजे भाडं चढणार.
भाडं चढलं की मालकाचा कर चढणार.
कर चढला की तुमचं कर्ज फिटणार.
मी इतकं बरोबर समजले ना?"
कोणी मान हलवली.
"म्हणजे फेडणार मी.
मग कर्जाच्या कागदावर
माझी सही कुठे घ्यायची, ते दाखवा."
घंटा वाजली. तिचे अजून
चाळीस सेकंद होते, मी मोजत होतो.
घंटा कुणी वाजवली,
इतिवृत्तात नाही.

पाच विरुद्ध दोन. मंजूर.

नंतर आठवडाभर मी संध्याकाळी थांबून
रेघ हलवून पाहिली.
तिला बाहेर काढलं तर एउसेबियो आत जातो,
दोघांना काढलं तर पदपथाचा पैसा तुटतो,
चर्च सोडलं तर गटार सुटतं.
पडद्यावर रेघ एका बोटानं सरकते.
जिथं होती तिथंच
शेवटी ठेवली.

मार्चमध्ये बुटाचा तळवा घेऊन गेलो.
तिनं मला ओळखलं; तसं काही बोलली नाही.
पायरीवर कुंडी पुन्हा तड्यावर होती.
उभ्या-उभ्या मी टोकानं जरा ढकलली,
सवयीनं, का तपासायला, माहीत नाही.
हलली नाही.
भोकातून मुळं खाली उतरून
फरशीत शिरली होती.

मी पाकीट काढलं.
"चौदा डॉलर," ती म्हणाली, "गुरुवारी.
काम झाल्याशिवाय
मी पैसे घेत नाही."