लीलाधर तीन, पावत्या बारा

सावद्याच्या केळी सोसायटीत
भर दुपारी बेरीज फुगली.
फेगडे आप्पांनी चष्मा कपाळावर सारला,
"इतकी केळी तर अख्ख्या रावेर तालुक्यात नाही व पोरी!"

मी क्वेरी पुन्हा चालवली.
मशीन पुन्हा तेच बोललं, न लाजता.

मग एकच नाव उपसून पाहिलं: लीलाधर चौधरी.
एक चिनावलचा, एक खिरोद्याचा, एक इथलाच.
तिघांच्या मिळून पावत्या बारा.
मी तक्ते जोडले होते नावाने,
आणि नावाने हाक मारली की तिघंही ओ देतात.
प्रत्येक पावतीमागे तिघं उभे राहिले.
छत्तीस ओळी.
ट्रक बाराच गेले होते दिल्लीला.

मशीनचं काय चुकलं?
लग्नात वाढप्याला सांगा, "चौधरींना वाढ",
तो दिसेल त्या चौधरीच्या पानात
बट्टी कुस्करून वरण ओततो.

तुषार म्हणाला, "डिस्टिंक्ट लाव, संपलं."
लावलं.
एकाच दिवसाच्या, एकाच वजनाच्या
दोन खऱ्या पावत्यांची एक झाली.
चूक झाकली गेली, तिच्याखाली कुणाचे तरी
चौदा क्विंटलही झाकले गेले.

शेवटी सभासद क्रमांकाने जोडलं.
बसली बेरीज.
म्हणजे जवळजवळ. अकरा क्विंटल कमी.

पावत्या डावीकडे ठेवल्या, सगळ्या,
जुळो न जुळो.
तेव्हा ती दिसली: सुमन वारके, क्रमांक रिकामा.
सभासदांच्या तक्त्यातही सुमन वारके, क्रमांक रिकामा.
नवरा गेल्यावर नाव लागलं,
नंबर मीटिंगमध्ये अडकला.
दोन रिकाम्या चौकटी समोरासमोर.
मला वाटलं होतं, जुळतील.
नाही जुळत.
रिकामं रिकाम्याला ओळखत नाही.
इकडचं 'माहीत नाही' आणि तिकडचं 'माहीत नाही'
एकच असेल, असं मशीन धरून चालत नाही.
माणसं चालतात.

आप्पांची सही घेतली, नंबर दिला: चारशे तेरा.
पाच वाजता बेरीज किलोला किलो लागली.

फोन करून सांगितलं तर बाई थोडा वेळ गप्प.
मग म्हणाल्या,
"यांचा दोनशे सहा व्हता. तो कोनाला दिला?"

मी सभासद डावीकडे घेऊन पाहिलं.
दोनशे सहा. नाव आहे.
पुढं तारीख रिकामी, वजन रिकामं, रक्कम रिकामी.

"कोणालाच नाही," म्हटलं,
"आहे अजून."