चौथा कोपरा

आजी गेली तेव्हा जमिनीवर
दोन बुरणूस एकावर एक अंथरलेले होते,
वर लाल, खाली करडा,
आणि मेंढ्याच्या शिंगांची नक्षी
तीन कोपऱ्यांत कापून झालेली.
चौथ्यावर साबणाची रेघसुद्धा नव्हती.

चाळिसाव्याचं जेवण उरकलं, पाहुणे पांगले,
नारीनच्या थंडीत बादलीतलं दूध गोठायला लागलं,
तेव्हा कुठे आजोबांनी ती गुंडाळी सोडली.
म्हणाले, दार लाव.

शिर्दाकचा हिशेब त्यांनी जन्मभर नुसता पाहिलेला.
लालमधून निघालेलं शिंग करड्यात बसवायचं,
करड्यातलं लालमध्ये.
एकाचं भोक तेच दुसऱ्याचं भरण,
एका कापण्यात गालिचे दोन,
आणि केरात टाकायला काही नाही.
"सोपं आहे," म्हणाले,
आणि पहिल्याच टाक्याला अंगठा फोडून घेतला.

घोड्याचे दात बघून त्याचं वय सांगणारा माणूस,
पण सुईचं नेढं त्यांना दिसेना.
मी नऊ वर्षांचा. माझं काम दोरा ओवायचं.
एक दोरा डावीकडे पीळ दिलेला, एक उजवीकडे,
दोन्ही शेजारी शेजारी शिवले
की कडेला गव्हाच्या लोंबीसारखं काहीतरी उमटतं.
आमचं उमटलं ते
उंदराने कुरतडल्यासारखं.

संध्याकाळी शेजारची बुरुल काकू पाव घेऊन आली
की आजोबा गालिच्यावर बैठक मारत,
सुई टोपीत खोचत,
आणि सांगत, पोराचं बटण हरवलंय, शोधतोय.
महिनाभर माझं बटण हरवत होतं.
शेवटी तिने पावाबरोबर
एक चामड्याचं अंगुस्तान ठेवलं,
आणि एक अक्षर न बोलता गेली.

शिवता शिवता ते बोलत.
एरवी मेंढरांशीच काय ते बोलणारा माणूस.
म्हणाले, लग्नानंतर पहिल्या वर्षी
तिने शिवलेल्या गालिच्यावर मी मातीचे बूट घालून चाललो.
ती रागावली नाही.
दुसऱ्या दिवशी त्याच ठशांभोवती
पिवळ्या दोऱ्याने टाके घातले.
"कुठाय तो गालिचा?"
"वासरावर घातला. एका हिवाळ्यात. ते जगलं."

मग चौथा कोपरा आला.
साबणाची चिपटी त्यांनी माझ्या हातात दिली.
मी शिंग काढलं. पुसलं. पुन्हा काढलं.
ते शिंग झालंच नाही,
झाला कान. पाळीसकट, भोकासकट.
मी पुसायला गेलो तर हात धरला त्यांनी.
बराच वेळ बघत राहिले.
शेवटची तीन वर्षं आजीला ऐकू येत नसे,
सगळे तिच्या तोंडासमोर उभे राहून ओरडत,
आणि ती हसून चहा ओतत असे.

"काप," म्हणाले.
सुरी मी धरली, माझ्या मुठीवर त्यांची मूठ.
बुरणूस असा कापतो, शिळ्या चीजसारखा,
कुरकुरत, मग एकदम सैल.
लालमध्ये करडा कान बसला,
करड्यात लाल.

करडा आमच्याकडे राहिला.
लाल वसंतात आईकडे गेला,
ट्रक ड्रायव्हरच्या ओळखीने, मॉस्कोला,
जिथे ती इस्पितळात भांडी धुते
आणि चौघींबरोबर एका खोलीत झोपते.

रविवारी फोनसाठी आम्ही टेकडीवर चढलो.
खाली रेंज मिळत नाही.
आई म्हणाली, तीन कोपरे कळले,
चौथ्यात काय आहे? गोगलगाय?
आजोबांनी माझ्याकडे पाहिलं.
मी म्हणालो, फोन त्याच्यावर ठेव.

तिने ठेवला असावा.
कारण मग कुणीच बोललं नाही,
आणि आम्ही दोघे एका फोनला डोकी लावून
मॉस्को ऐकत राहिलो:
लिफ्टचं दार, कुणाचा तरी खोकला,
आणि टप्. बराच वेळ काही नाही. टप्.

"नळ गळतोय तिकडे," आजोबा म्हणाले.
"तिला म्हणावं वायसर बदलून घे."